प्रॉग रॉकचा कुठला बँड ‘ओव्हररेटेड’, हा वाद नीट कसा घालायचा

‘पिंक फ्लॉइड ओव्हररेटेड आहे.’ नाशिकच्या कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर प्रॉगबद्दल (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक: लांब गाण्यांचं, विषम तालांचं रॉक) हे वाक्य पडलं की पुढचा तास गेलाच म्हणून समजा. तास गेल्याचं दुःख नाही. दुःख याचं, की तासाभरानं कुणाचंच मत तसूभर हललेलं नसतं आणि दोघं जण तोंड फिरवून घरी जातात. कारण त्या एका वाक्यात चार विधानं कोंबलेली असतात. एक, मला हा बँड आवडत नाही. दोन, या बँडचं काम कच्चं आहे. तीन, काम बरं आहे, पण त्याला मिळणारा मान त्याहून बराच मोठा आहे. चार, हा मान खरं तर दुसऱ्या कुणाला मिळायला हवा होता. बोलणारा तिसरं म्हणत असतो, ऐकणारा दुसरं ऐकतो आणि भांडण पहिल्यावरून होतं.

पहिल्या विधानावर वाद घालूच नये, ते फक्त नीट सांगावं (कसं, ते पुढे येईल). दुसऱ्यावर वाद घालता येतो, पण रेकॉर्ड वाजत असतानाच. ‘ओव्हररेटेड’ म्हणजे तिसरं, आणि तिथे काम आणि मान अशा दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. चौथं विधान करणाऱ्यानं पर्यायाचा अल्बम सोबत आणावा, नाहीतर गप्प बसावं.

दावा एका ओळीत लिहा

बैठकीच्या निदान दोन दिवस आधी दावा लिहून सगळ्यांना पाठवा. त्यात चार गोष्टी हव्यात: कुठला बँड, कुठला अल्बम किंवा कुठली वर्षं, मान देणारे कोण, आणि तुलना कशाशी. ‘जेनेसिस ओव्हररेटेड आहे’ हा दावा नव्हे. ‘जेनेसिसच्या १९७४ च्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ला चाहते त्यांचं शिखर मानतात, पण त्याची दुसरी तबकडी १९७३ च्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’च्या पासंगालाही पुरत नाही’ हा दावा आहे. यावर तीन तास बोलता येतं आणि शेवटी हो की नाही ते सांगताही येतं.

वर्षं लिहायचा आग्रह उगाच नाही. या बँडांची नावं तीच राहिली, माणसं आणि संगीत बदलत गेलं. जेनेसिसमधून पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये गेला, फिल कॉलिन्स ड्रम सांभाळून गाऊ लागला, १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेटही गेला आणि उरलेल्या तिघांनी १९८६ मध्ये ‘इनव्हिजिबल टच’सारखा निव्वळ पॉप अल्बम केला. एकाच्या डोक्यात १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’वरचं २३ मिनिटांचं ‘सपर्स रेडी’ असतं, दुसऱ्याच्या डोक्यात १९८६, आणि दोघंही ‘जेनेसिस’च म्हणत असतात. किंग क्रिमसनचं तर विचारूच नका. १९६९ चा पहिला अल्बम, १९७४ चा ‘रेड’ आणि १९८१ चा ‘डिसिप्लिन’ या तिन्हींत कायम असलेला माणूस एकच, रॉबर्ट फ्रिप. त्यामुळे ‘क्रिमसन आवडतं’ किंवा ‘आवडत नाही’ असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, ‘कुठलं?’

मान कुणाचा?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण प्रॉगचा मान सगळीकडे सारखा नाही. तो चार जागी वेगवेगळा मोजावा लागतो: खप, समीक्षक, चाहते आणि स्वतः वादक. एका जागी डोक्यावर घेतलेला बँड दुसऱ्या जागी पायदळी असतो.

पिंक फ्लॉइडला चारही जागी मान आहे. मार्च १९७३ मध्ये आलेला ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. त्यांच्याबद्दल ‘ओव्हररेटेड’चा दावा निदान मांडता तरी येतो. उलट जेंटल जायंट घ्या. वादकांमध्ये त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, पण खप कधीच मोठा नव्हता. त्यांना ओव्हररेटेड म्हणायचं तर नेमकं कुणी जास्त मोजलंय, ते दाखवावं लागेल.

समीक्षकांचा मान मोजायला एक जाडजूड खूण हाताशी आहे. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिली रेकॉर्ड निघाल्यावर २५ वर्षांनी कलाकार पात्र ठरतो. पिंक फ्लॉइडला १९९६ मध्ये घेतलं, जेनेसिसला २०१० मध्ये, रशला २०१३ मध्ये. येस या बँडचा पहिला अल्बम १९६९ चा, म्हणजे पात्रता १९९४ पासून, पण प्रवेश मिळाला २०१७ मध्ये. तेव्हा ‘समीक्षकांनी येसला उगाच चढवून ठेवलंय’ असं कुणी म्हणालं, तर हे साल समोर ठेवा. चाहत्यांनी चढवलंय, असं म्हणता येईल.

इमर्सन, लेक अँड पामरची, म्हणजे ईएलपीची गोष्ट याहून विचित्र. सत्तरच्या दशकात त्यांचे कार्यक्रम स्टेडियम भरून होत. १९७७ च्या ‘वर्क्स’ या डबल अल्बममध्ये तीन बाजू तिघांना एकेक वाटून दिल्या आणि एकत्र बँड वाजला तो फक्त चौथ्या बाजूला. त्याच दौऱ्यात त्यांनी अख्खा ऑर्केस्ट्रा सोबत नेला आणि खर्च झेपेना म्हणून तो मध्येच सोडावा लागला. तेव्हापासून ‘प्रॉगचा बडेजाव’ म्हणून बोट दाखवायचं ते ईएलपीकडे. मग आज त्यांना ओव्हररेटेड म्हणणं म्हणजे आधीच पडलेल्याला पाडणं. १९७१ चा ‘टार्कस’ ऐका: साडेवीस मिनिटांची पहिली बाजू, ऑर्गनचा डावा हात पाच मात्रांच्या घरात अडून राहतो आणि गिटार जवळजवळ नाहीच. त्यांचं हे काम आज पुरेसं ऐकलं जात नाही, असंच आमचं मत आहे.

ऐकायची मांडणी

इथे चूक झाली की पुढचा सगळा वाद वाया.

माणसं पाच ते सात. चारच्या खाली बाजू पडत नाहीत, आठच्या वर दोन गप्पा समांतर सुरू होतात. जागा कुणाच्या तरी घरचा हॉल. फरशीचा, मोकळ्या भिंतींचा हॉल असेल तर आवाज घुमतो आणि ड्रमचा तुकडा पसरट ऐकू येतो. खाली सतरंजी, त्यावर गाद्या, मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट, एवढ्यानं बराच फरक पडतो. गणपती-नवरात्रात आणि रंगपंचमीच्या आसपास मुख्य रस्त्यावरचं घर टाळा. नाशिक ढोल खाली सुरू झाला की वर मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना की-बोर्ड) ऐकू यायचा नाही.

एकच छोटा ब्लूटूथ स्पीकर चालणार नाही. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते. लहान स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली हात टेकतात, म्हणजे येसच्या ख्रिस स्क्वायरचा बास निम्मा गायब, आणि मग ‘येसच्या आवाजात वजन नाही’ असा शेरा येतो. दोन स्पीकर, एकमेकांपासून दीड ते दोन मीटर, मधली बैठक दोन्हींपासून तितकीच लांब. ही सोय नसेल तर बरे वायरचे हेडफोन फिरवा. वेळ जास्त लागेल, पण न्याय होईल.

आता आवाजाची पातळी. दोन तुकड्यांपैकी एक नुसता एक-दोन डेसिबलनं मोठा असला, तरी कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, तो ‘भरीव’ आणि ‘स्पष्ट’ वाटतो. न कळत मत तिकडे झुकतं. म्हणून फोनवर साउंड मीटरचं ॲप घ्या, फोन मधल्या बैठकीवर ठेवा, दोन्ही गाण्यांचा भरगच्च भाग ३० सेकंद वाजवून सरासरी पाहा आणि फरक एक डेसिबलच्या आत आणा. ॲपचा आकडा खरा असेलच असं नाही, पण फोन तोच आणि जागा तीच असली की फरक बरोबर कळतो. बैठकीजवळ ७५ डेसिबलच्या आसपास पुरे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. तेव्हा खिडक्या लावून घ्या आणि साडेनऊला वाजवणं थांबवा, म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींशी दुसरा वाद घालावा लागणार नाही.

स्ट्रीमिंगवरून ऐकणार असाल तर क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) शून्यावर, गॅपलेस (गाण्यांमध्ये फट न सोडणं) चालू, शफल बंद. ‘डार्क साइड’ची गाणी एकमेकांत वाहतात, मध्ये फट पडली की अल्बमची बांधणीच कळत नाही. जाहिराती येणारं फुकट खातं वापरू नका, गाणी आधी डाउनलोड करून ठेवा. आणखी एक खाच: आवाज सारखा करणारी सेटिंग चालू असेल आणि वेगवेगळी गाणी उचलून प्लेलिस्ट केली असेल, तर शांत गाणं आपोआप उचललं जातं. अल्बममध्ये ते जाणूनबुजून दबक्या आवाजात ठेवलेलं असतं. म्हणून एखाद्या अल्बमवर बोलायचं असेल तर तो अल्बम म्हणूनच लावा.

आवृत्ती कुठली, तेही आधी ठरवा. पॉर्क्युपाइन ट्री या बँडच्या स्टीव्हन विल्सननं किंग क्रिमसन, येस, जेथ्रो टल यांचे अल्बम मूळ टेपवरून नव्यानं मिक्स केले आहेत आणि त्यांत दबलेली वाद्यं वर आलेली ऐकू येतात. एकानं जुना मिक्स ऐकलेला, दुसऱ्यानं नवा, तर दोघांच्या मतात फरक पडणारच. रशच्या २००२ च्या ‘व्हेपर ट्रेल्स’चं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. मास्टरिंग (अल्बमच्या आवाजावरचा शेवटचा हात) करताना आवाज इतका चढवला होता की ऐकताना कान थकत. बँडनं २०१३ मध्ये अख्खा अल्बम पुन्हा मिक्स करून काढला. ‘गाणी वाईट’ म्हणून शिक्का मारलेल्या कितीतरी जणांना खरं तर मास्टरिंगचा त्रास झाला होता.

मात्रा मोजा, पण त्यांचं भांडवल करू नका

प्रॉगवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे विषम मात्रा. ‘सातमध्ये आहे, तुम्हाला कळणार नाही.’ आपल्याकडे सात मात्रांचा रूपक शाळकरी पोराला हातावर मोजता येतो, त्यामुळे या एक्क्याला घाबरायचं कारण नाही. मोजून घ्या आणि मग विचारा, की या सातनं गाण्याचं भलं काय झालं?

‘मनी’ घ्या. सुरुवातीला नाण्यांचा, गल्ल्याचा, कागद फाडल्याचा आवाज येतो, आणि त्या आवाजांचाच ठेका बनतो. तिथेच एक ते सात मोजायला लागा. बास आला की तीच सात मात्रांची ओळ पुन्हा पुन्हा फिरते. रूपकाशी मात्रा जुळतील, पण वजन जुळणार नाही: रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे बिनजोराच्या, मात्रेवर येते, इथे पहिल्या मात्रेवर चांगला जोर आहे. गाणं सातमध्ये, सॅक्सोफोनचा तुकडाही सातमध्ये. मग तीन मिनिटांच्या पुढे गिटार सुरू होते आणि ठेका सरळ चारात येतो. हात मांडीवर असेल तर नेमका हा क्षण सापडतो: इतका वेळ अडखळत चाललेलं गाणं एकदम मोकळं धावायला लागतं. सात मात्रांचा उपयोग इथे झाला, चारला बळ द्यायला. बाजू मांडणाऱ्यानं असं दाखवता आलं पाहिजे.

टूल या बँडच्या ‘लॅटरलस’मध्ये (२००१) मुख्य ओळ नऊ, आठ, सात अशी उतरत जाते आणि गाण्याच्या शब्दांची अक्षरं फिबोनाचीच्या क्रमानं (प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज) बसवली आहेत: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, मग पुन्हा पाच, तीन. हे सांगून चाहते विजयी मुद्रेनं पाहतात. त्यांना विचारा, हे कुणीच सांगितलं नसतं तर गाणं आवडलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर फिबोनाचीचा मुद्दा वादातून काढून टाका, आणि ‘नाही’ असेल तर दावा तिथेच कमकुवत झाला. (गाणं फिबोनाचीशिवायही उत्तम आहे. टूलच्या डॅनी कॅरीचे ड्रम पुरेसे आहेत.)

ड्रीम थिएटरच्या १९९९ च्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’मधला ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ हा गाण्याविना तुकडा सहा मिनिटांत इतक्यांदा ताल बदलतो की मोजणाऱ्यांत एकमत होत नाही. त्यासाठी साधी परीक्षा: तुकडा संपल्यावर पाच मिनिटं दुसरंच काहीतरी बोला, मग प्रत्येकानं त्यातली एक ओळ गुणगुणून दाखवावी. बहुतेकांना कुठली तरी एक ओळ आठवते आणि ती या अल्बममध्ये आधी ऐकलेली असते. म्हणजे तो तुकडा एकटा वाजवून न्याय होत नाही, अल्बममध्ये ऐकूनच होतो. ड्रीम थिएटरवर टीका करणारे हमखास इथे चुकतात. त्यांच्या बाजूनं बोलणारे चुकतात ते वेगाला गुण देण्यात.

लांबीचा मुद्दा

‘गाणं वीस मिनिटांचं कशाला?’ विलंबित ख्याल तासभर ऐकणाऱ्या माणसांनी हा प्रश्न या शब्दांत विचारू नये. प्रश्न बढतीचा आहे: मिनिटं पुढे सरकतात तसं काही उलगडतंय का, की तेच ते घोळवलंय?

यासाठी कागदावर नकाशा काढा. वहीचं आडवं पान, खाली मिनिटं, वर काय घडलं ते. येसच्या १९७२ च्या ‘क्लोज टू द एज’वर सराव करा. पावणेएकोणीस मिनिटांचं हे गाणं रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू व्यापतं. सुरुवातीला पक्षी आणि पाणी, मग ते झाकोळून टाकणारा बँडचा गोंधळ, त्यातून गिटारची धून, मग गाणं. चार भाग आहेत. तिसरा भाग संथ, जवळजवळ ताल नसलेला, आणि बाराव्या मिनिटाच्या आसपास चर्चचा मोठा ऑर्गन सगळं झाकून टाकतो. त्यानंतर बँड वेगात परततो आणि सुरुवातीच्या ओळी आता उंचीवर, नव्या आधारावर ऐकू येतात. शेवटी पुन्हा पाणी आणि पक्षी. नकाशावर परतून येणाऱ्या ओळींना एकाच रंगानं खुणा करा. रंग तीन-चार ठिकाणी दिसला आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी काहीतरी नवं असलं, तर लांबी कमावलेली आहे.

मग तोच नकाशा १९७३ च्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’चा काढा. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून येसचा गायक जॉन अँडरसन याला ही कल्पना सुचली. चार बाजू, चार गाणी, मिळून ८० मिनिटांच्या वर. की-बोर्ड वाजवणारा रिक वेकमन स्वतः या अल्बमवर नाराज होता आणि दौऱ्यानंतर त्यानं बँड सोडला. त्याची तक्रार अशी, की एका रेकॉर्डला माल जास्त होता आणि दोन रेकॉर्डना कमी. इथे रेकॉर्डचं गणित समजून घ्या: एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं नीट बसतात, त्याहून जास्त भरलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज उतरतो. ५५ मिनिटांच्या मालाला त्या काळी जागाच नव्हती: एक तर ४४ करा, नाहीतर ८० पर्यंत ताणा. त्यांनी ताणलं. पहिली आणि चौथी बाजू उभी राहते. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूच्या नकाशात सात-सात मिनिटं रंग दिसत नाही. येसवर ओव्हररेटेडचा दावा लावायचाच असेल तर तो इथे लावावा, ‘क्लोज टू द एज’वर लावला तर टिकणार नाही.

जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ (१९७२) म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं. प्रॉगच्या पोकळ मोठेपणाचा पुरावा म्हणून तो पुढे करणाऱ्यांना एवढंच सांगा, की बँडचा प्रमुख इयन अँडरसन यानं तो अशा अल्बमांची थट्टा म्हणूनच रचला होता. पुढचं बोलणं थट्टा जमली का, यावर होऊ दे.

पिंक फ्लॉइडवर दावा लावताना

सगळ्यात जास्त वेळा हाच बँड आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला जातो, म्हणून थोडं सविस्तर. ‘स्वर सोपे, वेग कमी, वादन साधं’ हा हल्ला वाया जातो, कारण फ्लॉइडला कुणी तयारीसाठी मान दिलेलाच नाही. मान आहे तो आवाजाच्या रचनेला. ‘एकोज’ (१९७१) साडेतेवीस मिनिटांचं आहे आणि पियानोचा एकच सूर फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढून त्याची सुरुवात केली आहे. साधारण अकराव्या मिनिटापासून चारेक मिनिटं धून नाही की ताल नाही, नुसता वारा आणि पक्ष्यांसारखी किंकाळी. दावा लावायचा तर इथे विचारा: ही चार मिनिटं काढली तर पुढचं परत येणं तितकंच भिडेल का? काढून ऐकवा. कुठल्याही फुकट एडिटिंग ॲपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. भिडत नाही, हे बहुतेक सगळ्यांना लगेच कळतं.

जास्त भक्कम दावा असा: १९७९ च्या ‘द वॉल’ला मिळालेल्या मानानं १९७७ चा ‘ॲनिमल्स’ झाकला गेला. सतरा मिनिटांचं ‘डॉग्ज’ एका बाजूला आणि ‘द वॉल’ची चौथी बाजू दुसऱ्या बाजूला ठेवा. आम्ही हा दावा मान्य करू.

थेट कार्यक्रमाची आठवण यात मिसळू देऊ नका. फ्लॉइडचा जुना गायक-बासवादक रॉजर वॉटर्स २००७ मध्ये मुंबईत ‘डार्क साइड’ अख्खा वाजवून गेला, पॉर्क्युपाइन ट्री २००९ च्या डिसेंबरमध्ये पवईच्या आयआयटीत मूड इंडिगो महोत्सवाला वाजवून गेले. नाशिकहून जाऊन जे ऐकून आले त्यांच्या मनात तो अल्बम आणि ती रात्र वेगळी करता येत नाही. त्यांना तसं बोलू द्या, फक्त ते मत ‘आवड’ या रकान्यात लिहा.

आवड कशी सांगायची

‘बोअर आहे’ म्हणजे आवड सांगणं नव्हे. साचा असा वापरा: ‘मला अमुक खटकतं, ते अमुक ठिकाणी ऐकू येतं, आणि ते तसं नसतं तर मला आवडलं असतं.’ ‘रशमध्ये गेडी लीचा चढा आवाज खटकतो, ‘२११२’मध्ये सर्वांत जास्त. ‘वायवायझेड’ला गाणारा नाही, ते मला आवडतं.’ एवढं बोलल्यावर समोरच्याला भांडायला काही उरत नाही, आणि त्याला कळतं की वादनाबद्दल तुमची तक्रार नाही. प्रॉगबद्दलच्या नावडीत आवाजाचा वाटा फार मोठा असतो: गेडी ली, जॉन अँडरसन, व्हॅन डर ग्राफ जनरेटरचा पीटर हॅमिल. त्यावर युक्तिवाद करून कुणाला पटवता येत नाही. गाण्याविना तुकडे वेगळे ऐकवा आणि पुढे चला.

प्रत्येकानं सुरुवातीला एक मिनिटात सांगावं: हा बँड पहिल्यांदा कधी ऐकला आणि किती वेळा ऐकलाय. कोवळ्या वयात ऐकलेलं संगीत आयुष्यभर वरच्या कप्प्यात राहतं आणि पुन्हा पुन्हा ऐकलेलं ओळखीमुळेच आवडायला लागतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर टूल आणि ड्रीम थिएटरवर वाढलेला आणि घरच्या कॅसेटींवर फ्लॉइड ऐकत वाढलेला, या दोघांची तराजूच वेगळी असते. बोलताना ती उघडी ठेवलेली बरी. फारच ताणलं तर दोघांनीही न ऐकलेला अल्बम घ्या: कॅमलचा ‘मिराज’ (१९७४), कॅरव्हॅनचा ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ (१९७१) किंवा इटलीच्या पीएफएमचा ‘पेर उन आमिको’ (१९७२). दोघांनी आठवड्यात तीनदा ऐकायचा, मध्ये निदान एकेक दिवस सोडून, आणि मग बोलायचं. आवडीचा आणि निकषाचा फरक इथे चटकन बाहेर येतो.

बैठक

शनिवारी संध्याकाळी पाच ते साडेआठ. दावा वाचा, चिठ्ठीवर शून्य ते दहा असं गुप्त मत घ्या. मग पूर्वपक्ष: विरोध करणाऱ्यानं आधी समोरच्याचा दावा स्वतःच्या शब्दांत मांडायचा, आणि दावा करणारा ‘हो, हेच म्हणायचंय’ म्हणेपर्यंत उत्तर द्यायला सुरुवात करायची नाही. ही एक शिस्त पाळली तरी निम्मी भांडणं होत नाहीत. दोन्ही बाजूंना वाजवायला पंधरा-पंधरा मिनिटं, प्रत्येक तुकड्याची सुरुवात-शेवट मिनिट-सेकंदासकट लिहून आणलेली. त्यानंतर एक पूर्ण बाजू, सगळ्यांनी गप्प बसून, फोन उपडे ठेवून. चहा त्यानंतरच, कारण कपबश्यांच्या आवाजात ‘सपर्स रेडी’ची शांत सुरुवात हरवते.

चर्चेत ठरावीक ठिकाणी गाडी अडते. एकाचा सर्वोत्तम अल्बम आणि दुसऱ्याचा सर्वांत वाईट अशी तुलना होते: ‘रेड’समोर ईएलपीचा ‘लव्ह बीच’ ठेवला तर कुणीही हरेल. एका अल्बमसमोर त्याच दर्जाचा अल्बम मागा. ‘तुम्ही नीट ऐकलंच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्यानं लगेच मिनिट-सेकंद सांगून ते ऐकवायचं, नाहीतर शब्द मागे. ‘पंकनं (आखूड, राकट गाण्यांच्या रॉकनं) प्रॉग संपवलं, म्हणजे लोकांनीच निकाल दिला’ हेही हमखास येतं. पंक १९७६-७७ मध्ये आलं हे खरं, पण ‘द वॉल’ त्यानंतरचा आहे, आणि येसचं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. बँड टिकले, गाणी आखूड झाली. आणि वाद बँडवरून माणसावर घसरला, ‘तुला काय कळतंय’ निघालं, की बैठक चालवणाऱ्यानं बोलणं थांबवून सरळ पुढचा तुकडा लावावा.

शेवटी पुन्हा चिठ्ठ्या. दहापैकी आकडा किती हलला ते वहीत लिहा, आणि त्यासोबत कुठल्या तुकड्यानं हलला तेही, मिनिट-सेकंदासकट. कुणाचाच आकडा हलला नसेल तर दावा फार ढोबळ होता असं समजा: तोच बँड ठेवून पुढच्या वेळी एकच अल्बम घ्या, त्यानंही भागलं नाही तर एकच बाजू. पुढचा दावा सगळे हजर असतानाच लिहून घ्या. तो मांडायची जबाबदारी त्याला द्या, ज्यानं आज त्या बँडची बाजू सर्वांत जोरात घेतली होती.